इंदूच्या उंबऱ्यावरचा मोत्या

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कुणीतरी सांगेल, आणि वाढवून सांगेल. कोथरूडमध्ये इतकी वर्षं इमानेइतबारे कमावलेली माझी अब्रू एका कुत्र्याने घालवली हो! चावला नाही, भुंकला नाही, मला कधी दिसलासुद्धा नाही. तरी घालवली. कशी, विचारा ना!

मुळात मी वाचणारा माणूस. म्हणजे सोसायटीत माझी तशी ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हातभार आहे, खोटं कशाला बोलू? लिफ्टमध्ये कुणी भेटलं, "काय, कसं काय?" म्हणालं, की मी "सध्या एक जुनी कादंबरी पुन्हा वाचतोय" इथून सुरुवात करतो. हल्ली बरेच लोक जिन्याने जातात. व्यायामाची आवड वाढलीय, असं मी समजतो. नीला, म्हणजे आमची सौ., वेगळं समजते.

तर आमच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये वाचनकट्टा भरतो. कट्ट्याचे चालक आपटेकाका. आवाज खणखणीत, आणि माईक एकदा त्यांच्या हातात गेला की तो परत मिळवायला कार्यकारिणीची बैठक बोलवावी लागते. या वेळी त्यांनी ग्रुपवर विषय टाकला, 'अलीकडे वाचलेली एक अभिजात कादंबरी व एक बालपुस्तक. वक्त्याने स्वतःचे मत मांडावे, दुसऱ्याचे मांडू नये.' आणि खाली आणखी एक ओळ, 'वक्त्याने पुस्तक वाचलेले असणे अपेक्षित आहे.'

मला त्या शेवटच्या ओळीचा असा राग आला म्हणता! ही काय सूचना झाली? पोहायला येणाऱ्याला 'पाण्यात उतरणे अपेक्षित आहे' असं सांगाल का तुम्ही? मी तिरीमिरीत नाव दिलं. कादंबरी 'इंदूचा उंबरा'.

तुम्ही वाचली नसेल. फार जुनी आहे, आमच्या आजोबांच्या काळातली. कोकणातलं गाव. इंदू नावाची नवी नवरी. तिचा नवरा माधव नशीब काढायला आगबोटीत बसून आफ्रिकेला जातो आणि ही त्याची वाट बघत उंबऱ्यावर बसते. घरात भाऊराव नावाचा खाष्ट दीर, तिला घराबाहेर काढायला टपलेला. पुढचं मी आत्ता सांगत नाही, कारण पुढचं हेच तर सगळं रामायण आहे.

पण ही कादंबरी म्हणजे माझं बालपण हो. मी आठ वर्षांचा असताना मला सणसणीत कावीळ झाली होती. आम्ही गाव सोडून नुकतेच पुण्यात आलो होतो, नारायण पेठेत दोन खोल्यांत. खायला मुगाचं पाणी नि साळीच्या लाह्या, प्यायला उसाचा रस. शाळा बंद, ओळखीचं कुणी नाही, दिवसभर अंथरुणावर पडून आढ्याकडे बघायचं. तेव्हा माझी ताई, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात भिरकावून माझ्या उशाशी बसायची आणि आईने वाचनालयातून आणलेली ही कादंबरी मला मोठ्याने वाचून दाखवायची. रोज थोडी थोडी. ताईच्या दोन वेण्या, परकराला पुसलेली शाई, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची तिची सवय, आणि खिडकीतून येणारा खालच्या गिरणीतला गरम पिठाचा वास. आजही 'इंदूचा उंबरा' म्हटलं की मला आधी तो वास येतो, मग इंदू दिसते. ती संध्याकाळ कुणी परत दिली ना, तर मी पुन्हा कावीळ घ्यायला तयार आहे.

असो. नाव दिलं म्हटल्यावर मी रीतसर तयारीला लागलो. वाचनालयातून प्रत आणली, शंभरेक पानं वाचली. काय सांगू, शब्दन् शब्द आठवत होता! इंदूचं लग्न, तिची ती मोरपंखी पैठणी, माधवचं बंदरावर जाणं. ताईचा आवाजच येत होता कानात. माधव आगबोटीत चढला आणि मी पुस्तक मिटलं. पुढचं तर तोंडपाठ! पाढे पाठ असलेला माणूस परत उजळणीचं पुस्तक उघडतो का?

नीला समोर भाजी निवडत होती.

"पूर्ण वाचलीत का?"

"अगं, मी ती कादंबरी जगलोय!"

"जगलात ते छानच केलंत. वाचलीत का?"

शिक्षकाच्या घरच्या मुलीशी लग्न केलं की अशी आयुष्यभर तोंडी परीक्षा चालू राहते.

राहिलं बालपुस्तक. ते आमच्या नातीकडून, रेवाकडून, उसनं घेतलं. पातळसं, गुळगुळीत कागदाचं. ढगू नावाचा एक छोटा ढग. त्याला शाळेत जायची भीती वाटते. त्याची ढगआई त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. मग तो जातो. संपलं! ना राक्षस, ना संकट, ना कुणी विहिरीत पडतं. मी रेवाला म्हटलं, "यात घडतं काय गं?" ती म्हणाली, "आजोबा, तो शाळेत जातो ना!" आणि परत पहिल्या पानापासून सुरू. मला भयंकर वाटलं. हे असलं मऊ मऊ वाचून ही पिढी पुढे जगाला तोंड कशी देणार?

रविवार उजाडला. मी ठेवणीतला झब्बा घातला. क्लबहाउस बऱ्यापैकी भरलं होतं. पहिल्या रांगेत लिमयेबाई. या बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका, अंगाने एवढ्याशा, आवाज हळू. पण तो हळू आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा जायचा, हे ज्यांनी ओणवं उभं राहून ऐकलंय त्यांनाच ठाऊक. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्या पिशवीत काय आहे हे मला तेव्हा कळतं, तर मी त्या दिवशी आजारी पडलो असतो.

मी आधी ढगूला घेतला. चांगला धुऊन, पिळून, वाळत घातला. "आजच्या बालसाहित्याला मधुमेह झालाय!" मी गरजलो. टाळ्या! "मुलांना सगळं साखरेत घोळून देता? आम्ही आठ वर्षांचे असताना अख्खी अभिजात कादंबरी ऐकली. जशीच्या तशी! कुणी आमच्यासाठी शेवट गोड केला नाही, कुणी मध्ये खेळणी घातली नाहीत. म्हणून आमचा कणा ताठ राहिला!" हे म्हणताना मी खरोखर ताठ झालो होतो. नीला दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवरली.

मग 'इंदूचा उंबरा'. आणि त्यातही, माझ्या मते त्या कादंबरीचा जो खरा प्राण आहे, तो मोत्या.

मोत्या म्हणजे कुत्रा. माधव ज्या दिवशी जातो, त्याच दिवशी एक भिजलेलं, कुडकुडणारं पिल्लू इंदूच्या उंबऱ्यावर येऊन बसतं. तपकिरी रंग, एक कान पांढरा. पुढे कादंबरीभर तो तिच्या सोबत आहे. ती रडली की तो तिच्या पायावर हनुवटी टेकून पडतो, रात्री माधवच्या जुन्या सदऱ्यावर झोपतो. आणि भाऊराव तिला हाताला धरून बाहेर काढायला येतो, तेव्हा मोत्या त्याच्या पोटरीचा असा लचका तोडतो की भाऊराव जन्माचा सुधारतो! मी हात वर करून म्हटलं, "मित्रहो, मोत्याचा तो चावा म्हणजे आपल्या कादंबरीतला पहिला सामाजिक निषेध आहे! जे बोलायची हिंमत गावाला झाली नाही, ते एका मुक्या जनावराने दातांनी सांगितलं!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. आपटेकाका डोळे मिटून मान डोलवत होते. "मोत्या," ते पुटपुटले, "अहाहा, मोत्या! काय व्यक्तिरेखा आहे!" तिसऱ्या मजल्यावरचा वानखेडे, नागपूरकडचा, आयटीतला तरुण पोरगा, तोही उठून म्हणाला, "सर, मोत्या मला पर्सनली लई रिलेटेबल वाटला." एक बाई तर डोळे टिपत होत्या. मी म्हटलं, व्वा! कोथरूडात अजून इतके लोक अभिजात वाचतात! ऊर भरून आला माझा.

त्या भरात मी शेवटही सांगून टाकला. माधव परत येतो, दाढी वाढलेला, फाटका. कुणीच त्याला ओळखत नाही, इंदूसुद्धा नाही. मोत्या आधी त्याच्यावर गुरगुरतो, मग हुंगतो, मग एकदम शेपटी हलवत त्याच्या अंगावर झेपावतो. तेव्हा इंदू उंबऱ्यावरून उठते. हे सांगताना माझा आवाज दाटला. नाटक नव्हतं ते. तो प्रसंग सांगताना माझा आवाज नेहमीच दाटतो.

मी खाली बसणार, तेवढ्यात तो हळू आवाज आला.

"एक शंका आहे."

"विचारा ना, बाई, विचारा!"

"हा कुत्रा कुठला?"

"गावठीच असावा. लेखकाने जात सांगितलेली नाही."

"जात नाही विचारली मी. आला कुठून?"

"अहो, उंबऱ्यावर येतो तो. माधव गेल्यावर."

"या पुस्तकात?"

असं म्हणून लिमयेबाईंनी पिशवीतून 'इंदूचा उंबरा' काढली. जुनी, खाकी कव्हर घातलेली, ठिकठिकाणी शिवलेली प्रत.

"यातला शेवटचा भाग मी कित्येक वर्षं नववीला शिकवलाय," बाई म्हणाल्या. "यात कुत्रा नाही. मांजरही नाही. आणि माधव परत यायचा प्रश्न नाही, कारण त्याची बोट मध्यावरच बुडते. शेवटी इंदू म्हातारी होऊन त्या उंबऱ्यावर मरते. एकटी."

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? "असं का? बघतो हं" म्हणावं नि खाली बसावं. मी काय केलं? मी मंद हसलो आणि म्हणालो, "बाई, वयोमानानुसार होते कधी कधी गल्लत."

नीलाने कपाळावर हात मारला, तो आवाज मला व्यासपीठावर ऐकू आला. लिमयेबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"घ्या. शोधा कुत्रा."

मी पानं चाळायला लागलो. सगळे बघतायत, आणि मी पुस्तकात कुत्रा शोधतोय! भाऊराव इंदूला बाहेर काढायला येतो ते पान सापडलं. तिथे कुणी कुणाला चावलं नव्हतं. भाऊरावाने तिला सरळ बाहेर काढलं होतं, आणि गाव बघत उभं होतं. मी घाईघाईने पान उलटलं.

"आपटेकाका," मी आधार शोधला, "तुम्ही आत्ताच म्हणालात ना, काय व्यक्तिरेखा आहे?"

"मी व्यापक अर्थाने म्हणालो होतो," आपटेकाका म्हणाले. "खरं सांगायचं तर मोत्याबद्दल मला पहिल्यापासून शंका होती."

वानखेडेने तोवर मोबाइल काढला होता. "सर, इथे पुस्तकाची जुनी कॉपी आहे नेटवर, सर्च होते. 'मोत्या' टाकलं, झीरो रिझल्ट. 'कुत्रा' टाकतो... नाही. थांबा, 'कुत्र्या' टाकल्यावर एक आला!"

"बघा!" मी जवळजवळ किंचाळलो. "वाचा, मोठ्याने वाचा!"

"'भाऊराव कुत्र्यासारखा वस्सकन तिच्या अंगावर ओरडला.'" वानखेडेने खाली-वर बोट फिरवलं. "तेवढंच आहे, सर."

हशा! पण मी मागे हटणारा नव्हे. पुण्यात राहून मागे हटलं तर लोक काय म्हणतील? मी जाहीर केलं की या सगळ्या प्रती भ्रष्ट आहेत. नवीन आवृत्तीत प्रकाशकाने कुत्रा काढून टाकलाय.

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"कागद वाचवायला!"

"आणि बोट कशासाठी बुडवली?"

"खप वाढवायला! लोकांना हल्ली रडायला लागतं!"

"ही प्रत माझ्या आईची आहे," लिमयेबाई शांतपणे म्हणाल्या.

आता माझ्याकडे एकच साक्षीदार उरला होता. ताई! ताई वारज्याला राहते, पंचाहत्तरीला आलीय, पण डोकं अजून कात्रीसारखं चालतं. तिने तर स्वतःच्या तोंडाने वाचलंय सगळं! मी फोन काढला. नीला लांबून दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होती. मला वाटलं, वेळ फार झाला म्हणतेय. मी फोन स्पीकरवर टाकला, आपटेकाकांनी तत्परतेने त्याला माईक लावला. असल्या वेळी माईक लगेच मिळतो हो.

"बाब्या?" ताईचा आवाज सभागृहभर घुमला. अडुसष्टाव्या वर्षी भर सभेत मी बाब्या झालो. "काय रे? पटकन बोल, कुकर लावलाय."

"ताई, एकच सांग. 'इंदूचा उंबरा' आठवते ना? माझ्या काविळीत वाचायचीस ती?"

"आठवते की."

"त्यात मोत्या कुत्रा आहे की नाही?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तुला कुणी सांगितलं?" ताई म्हणाली.

"काय कुणी सांगितलं?"

"अरे, नाहीये त्यात कुत्रा. मी घातला होता."

मागे बसलेला कुणीतरी फिस्सकन हसला. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर आपटेकाकांनी तो बाजूला घेतला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले, "मूळ स्रोत आहे!"

"घातला होतास म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माझ्या मनाने घातला. वाचता वाचता. आणि काय करणार होते मी? तू दिवसरात्र रडत होतास. डॉक्टर म्हणाले, पोराला हसतं ठेवा, नाहीतर हा उठायचा नाही. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मी चौदा-पंधराची पोर. मला जे सुचलं ते केलं."

"आणि माधव? तो परत येतो ना?"

"कुठला परत येतो! बुडाला मेला तो, ऐन मध्यावर. आदल्या दिवशी रात्री मी पुढचं वाचून ठेवायचे ना, तेव्हा कळलं. म्हटलं, हे ऐकवलं तर हा परत गळा काढणार. आणि कुत्रा आणलाच आहे, तर नवऱ्याने काय घोडं मारलंय? आणला त्यालाही."

सभागृह नुसतं हसत होतं. लिमयेबाईसुद्धा. मी रुमालाने मान पुसली. पाच मिनिटांपूर्वी याच माईकवरून मी सांगितलं होतं, आम्हाला कुणी साखरेत घोळून दिलं नाही! साखर कसली, ताईने मला पाकात बुडवून ठेवलं होतं.

"अगं पण कुत्राच का?" मी हळूच विचारलं. "ससा घालायचास, पोपट घालायचास. कुत्रा कुठून काढलास?"

"कुठून म्हणजे?" ताईचा आवाज बदलला. "बाब्या, अरे आपला मोत्या रे! गावाकडचा!"

"कुठला मोत्या?" मी विचारलं.

"पुण्याला येताना शेजारच्या रामूअण्णांकडे ठेवून आलो ना त्याला! इथे घरमालक कुत्रा ठेवू देईनात. आपला टेम्पो निघाला तर पार ओढ्यापर्यंत धावला मागे. तू मागच्या फळीला धरून ओरडत होतास. तपकिरी होता, एक कान पांढरा. त्याच्यासाठीच तर रडायचास तू! काविळीने नव्हतास रे रडत. इंदूच्या घरी तो आहे म्हटल्यावर मग गप्प झोपायला लागलास. आठवत नाही?"

नाही. आठवत नव्हतं. खरंच सांगतो, एक अक्षर आठवत नव्हतं. खराखुरा कुत्रा, ज्याच्या गळ्यात हात टाकून मी झोपत होतो म्हणे, तो मी साफ विसरलो, आणि ताईने बनवलेला जन्मभर जपला. तिथे उभ्या उभ्या मला भरून आलं.

"आणि ताई," मी म्हटलं, विषय बदलावा म्हणून, "ती दुसरी कादंबरी वाचायचीस, किल्ल्यावरची. त्यातला तो हत्ती?"

"हत्ती पण मीच घातलाय. आता ठेव, कुकर बंद करायचाय."

झालं! पुन्हा हशा. माझं अर्धं अभिजात साहित्य त्या एका फोनवर गेलं. गेल्या वर्षी याच कट्ट्यावर त्या हत्तीवर मी पाऊण तास बोललो होतो, आणि आपटेकाकांनी आभार मानताना त्याला 'विस्मरणात न जाणारा' म्हटलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर लिमयेबाई माझ्याजवळ आल्या. मी त्यांची हात जोडून माफी मागितली, वयाबद्दल बोललो त्याची. "अहो, वय आहेच माझं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या आईची ती प्रत माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा. आता वाचा. शेवटपर्यंत." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "तुमच्या ताईंना एकदा बोलवा कट्ट्यावर. मी जन्मभर मुलांना तो शेवट शिकवला. मला कधी तो बदलायचं धाडस झालं नाही."

घरी येताना नीला एक शब्द बोलली नाही. हे फार वाईट लक्षण असतं. जिन्यात मात्र तिला राहवलं नाही. "तरी मी विचारलं होतं," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी ढगूबद्दलचं माझं मत मी ग्रुपवर लेखी मागे घेतलं. आपटेकाकांनी खाली अंगठा टाकला. वानखेडेने कुत्र्याचं चित्र टाकलं.

आणि मग एका दुपारी गॅलरीत बसून मी 'इंदूचा उंबरा' वाचली. या खेपेला खरीच, सगळी. माझं मत विचाराल तर कादंबरी थोर आहे. भाषा काय, तो समुद्र काय, गावातली माणसं काय! बोट बुडाल्याची बातमी येते आणि इंदू ती ऐकूनही रोज सकाळी उंबरा सारवते, ते प्रकरण तर असं लिहिलंय की अंगावर काटा येतो. लिमयेबाई उगीच नाहीत शिकवत. पण शेवटाला ती एकटी, पांढऱ्या केसांची, त्या उंबऱ्यावर डोकं टेकते, आणि पायाशी कुणी म्हणजे कुणी नाही! मला नाही हो सहन झालं. मी ढसाढसा रडलो. खाली वॉचमनने वर बघितलं.

नीलाने चहा आणून ठेवला. माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"लावा वन्संना," म्हणाली.

मी लावला. "ताई, मी वाचली ती. पूर्ण."

"मग?"

"मला नाही आवडला शेवट. तू सांग ना. तुझा."

"बाब्या, नातवंडं झाली तुला!"

"सांग गं."

ताई हसली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बहुतेक नीट बसली असावी. आणि सुरू झाली. तोच आवाज, थोडा घोगरा झालेला. मी डोळे मिटले. बंदरावर बोट लागली. माधव उतरला, दाढी वाढलेला, फाटका. गाव ओलांडून घरापाशी आला. कुणी त्याला ओळखेना. इंदू उंबऱ्यावर बसलेली. "तेवढ्यात," ताई म्हणाली, "मोत्याने लांबूनच त्याला ओळखलं आणि शेपटी हलवत धावत जाऊन..."

"ए ताई, चूक!" मी ताडकन सरळ बसलो. "आधी गुरगुरतो तो! गुरगुरतो, मग हुंगतो, मग शेपटी! मूळ कादंबरीत असं नाहीये!"